बेसमेंटमध्ये गेस्ट वायफाय चालत नाही, रविवारच्या आत मदत हवी

सुजाता, प्लेन्सबरो, न्यू जर्सी (गुरुवार, रात्री ९:१०)

नमस्कार मंडळी,

मुलांची रविवारची मराठी शाळा आमच्याकडे हलवली आहे, अनघाताईंचा मेल सगळ्यांना गेलाच आहे. अडचण अशी की बेसमेंटमध्ये गेस्ट वायफायचं (पाहुण्यांसाठीच्या वेगळ्या नेटवर्कचं) नाव दिसतं, फोन पासवर्डही घेतो, आणि मग नुसता फिरत बसतो. नेट येत नाही. त्याच जागी उभं राहून घरचं वायफाय लावलं तर सगळं व्यवस्थित. वर हॉलमध्ये गेस्टही व्यवस्थित. म्हणजे खालचा डबा बिघडलेला नाही एवढं नक्की.

मांडणी अशी: नेट कंपनीचा डबा, त्याला मेशचा (घरभर वायफाय पसरवणाऱ्या डब्यांच्या संचाचा) मुख्य डबा, तिथून कपाटातला, एका केबलला फाटे फोडणारा आठ पोर्टचा स्विच, स्विचमधून केबल खाली बेसमेंटच्या डब्याला. मेश ॲक्सेस पॉइंट मोडमध्ये आहे, म्हणजे तो फक्त वायफाय देतो, राउटरचं काम कंपनीचा डबा करतो. गणपतीत निखिलने सांगितलं होतं की एकामागे एक दोन राउटर नकोत, म्हणून तसं केलं. स्विच यांच्या ऑफिसमधून निघाला होता तो, नवा घेतलेला नाही.

घरचा पासवर्ड कोणालाही देणार नाही, हे आधीच सांगते. यांचं ऑफिसचं मशीन त्या नेटवर्कवर आहे, घरच्या सगळ्या फोटोंचा साठा आहे. तालमीच्या वेळी काय झालं ते इथे परत लिहीत नाही.

सुजाता

मोहनकाका, एडिसन (गुरुवार, रात्री ९:३८)

सुजाता, इतका घोळ कशाला? रविवारी घरचा पासवर्ड दे आणि संध्याकाळी बदलून टाक. पाच मिनिटांचं काम. नाहीतर माझ्याकडे वायफाय पुढे पसरवणारा एक्स्टेंडर पडून आहे, तो घेऊन येतो. भिंतीला लावला की झालं.

१९९७ मध्ये पुण्याला आमच्याकडे सरकारी व्हीएसएनएलचं, टेलिफोनच्या तारेवरून चालणारं डायलअप नेट होतं. वाड्यातले निम्मे लोक मुलांचे ईमेल वाचायला आमच्या खोलीत येत. पासवर्ड कागदावर लिहून मॉनिटरला चिकटवलेला होता. कोणी काही नेलं नाही.

मोहन

निखिल, पिस्कॅटवे (गुरुवार, रात्री १०:२०)

काका, पासवर्ड बदलणं पाच मिनिटांचं, पण त्यानंतर थर्मोस्टॅट, दारावरची घंटा, कॅमेरे, प्रिंटर, टीव्ही या प्रत्येकात तो परत घालावा लागतो. आणि वाड्यातल्या त्या संगणकापुढे माणसं बसत होती, त्यांची यंत्रं वाड्याच्या तारेला जोडलेली नव्हती. आज पाहुण्याचा फोन घरात आला की त्या फोनमधलं प्रत्येक ॲप घरात येतं. पाहुण्यावर विश्वास आहेच, त्याच्या मुलाने कालच उतरवलेल्या गेमवर कसा ठेवायचा?

एक्स्टेंडरचं काम होईल, पण तो कशाला जोडता यावर सगळं आहे. वरच्या गेस्टला जोडून पुढे पसरवला तर त्यातून आलेले सगळे गेस्टमध्येच राहतात. घरच्या वायफायला जोडला आणि त्याला नुसतं 'गेस्ट' नाव दिलं, तर नाव गेस्ट आणि माणसं थेट घरात. असं मी दोन घरांत पाहिलंय. नावाने काहीही वेगळं होत नाही.

सुजाताताई, एक गोष्ट बघून सांगा. खाली गेस्टला जोडून आयफोनच्या वायफाय सेटिंगमध्ये त्या नावापुढचं 'i' हे चिन्ह दाबा. पत्ता काय दिसतो? १६९.२५४ ने सुरू होतो का?

निखिल

विद्याताई, ईस्ट ब्रन्सविक (गुरुवार, रात्री १०:४१)

सर्वांना,

शाळेत वायफाय लागतंच कशाला, हा माझा प्रश्न आहे. गेल्या सत्रात आपण ठरवलं होतं की बाराखडी आणि वाचनाच्या गटांत टॅब काढायचे नाहीत. इतक्या कष्टाने मुलांच्या हातात वह्या आल्या आहेत. पालकांनाही विनंती, ते दोन तास फोन बाजूला ठेवता येतील.

विद्या

अनघा, नॉर्थ ब्रन्सविक (शुक्रवार, सकाळी ७:०५)

विद्याताई, वाचन गटाबद्दल पूर्ण सहमत. पण मोठ्या गटाची 'आजोबांना विचारा' तासिका आहे ना. पुण्याहून आणि साताऱ्याहून आजी-आजोबा व्हिडिओवर येणार आहेत, ते महिनाभर आधी ठरलंय. तिथल्या संध्याकाळची वेळ पाहून आपण तास सकाळी घेतला. बेसमेंटमध्ये मोबाइलचा सिग्नल जेमतेम असतो, तिथे वायफाय हवंच.

काका, एक्स्टेंडर आणाच, पण शाळेचं तांत्रिक सामान माझ्याकडच्या यादीत नोंदवून मगच लावू. मागच्या वेळचा स्पीकर अजून कोणाकडे आहे ते कळलेलं नाही.

अनघा

सुजाता (शुक्रवार, सकाळी ७:३०)

निखिल, हो. १६९.२५४ आणि पुढे काहीतरी. वर हॉलमध्ये मात्र १९२.१६८.१ ने सुरू होणारा पत्ता येतो.

निखिल (शुक्रवार, सकाळी ८:१५)

मग स्विचच आहे, जवळजवळ खात्रीने सांगतो. १६९.२५४ हा पत्ता फोन स्वतःच घेतो, म्हणजे त्याने पत्ता मागितला आणि कोणी उत्तरच दिलं नाही. मागणी वाटेत पडली.

असं का होतं ते जरा सविस्तर लिहितो, कारण मेश घेतलेल्या निम्म्या घरांत कधी ना कधी हे होणार आहे. खालच्या डब्यापासून वरच्या डब्यापर्यंत केबल एकच आहे, आणि तिच्यातून घरची आणि पाहुण्यांची अशी दोन्ही वाहतूक जाते. ती वेगळी ओळखायला पाहुण्यांच्या प्रत्येक पॅकेटवर, म्हणजे डेटाच्या तुकड्यावर, एक क्रमांक चिकटवतात, त्याला व्हीलॅन टॅग म्हणतात. लग्नात कार्यालयात सगळ्या बॅगा एका टेम्पोतून येतात पण वधूपक्षाच्या बॅगांवर चिठ्ठी असते, तसंच. टीपी-लिंकचा डेको ॲक्सेस पॉइंट मोडमध्ये गेस्टला ५९१ हा टॅग लावतो. आसुसचं एआयमेश गेस्टच्या पहिल्या जागेला ५०१ आणि ५०२ लावतं, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ या वायफायच्या दोन बँडसाठी वेगवेगळा. क्रमांक कंपनी ठरवते आणि सहसा आपल्याला दाखवतही नाही.

आता मध्ये स्विच आला. साधा, सेटिंग नसलेला स्विच टॅगकडे बघत नाही. पॅकेट चार बाइटने मोठं होतं, सगळ्यात मोठं असेल तर १५१८ चं १५२२, आणि तो ते तसंच पुढे ढकलतो. ऑफिसमधून निघालेला स्विच मात्र बहुतेक मॅनेज्ड असतो. त्याला प्रत्येक पोर्टवर कोणते टॅग चालतील ते सांगितलेलं असतं, अनोळखी टॅग आला की तो टाकून देतो. घरच्या पॅकेटांवर टॅग नाही म्हणून ती जातात. पाहुण्यांच्या पॅकेटांवर आहे म्हणून ती पडतात. तुमच्याकडे नेमकं हेच दिसतंय.

रविवारसाठी दोन मार्ग. एक, माझ्याकडे साधा आठ पोर्टचा गिगाबिट स्विच आहे, उद्या आणून बदलतो. दुसरा, खालच्या डब्याची केबल काढून ठेवायची म्हणजे तो वायफायने वरच्या डब्याला जोडून घेईल आणि स्विच मधून निघून जाईल. वेग कमी होईल, दोन बँडचा मेश असेल तर निम्म्याहूनही कमी, कारण एकाच रेडिओने ऐकायचं आणि पुढे पाठवायचं. तुमच्या बेसमेंटच्या छतात सिग्नल अडवणारे डक्ट आहेत, त्यामुळे व्हिडिओला मला ते नको वाटतं.

स्विचमध्ये टॅग घालूनही होईल, पण त्याचा पासवर्ड ऑफिसच्या कोणाकडे तरी असेल.

निखिल

अभिजित, मनरो (शुक्रवार, दुपारी १२:१०)

निखिलने आसुसचं लिहिलं म्हणून सांगतो. माझ्याकडे तेच आहे, ३८८ फर्मवेअर (डब्यातलं सॉफ्टवेअर). त्यात प्रत्येक बँडवर गेस्टच्या तीन जागा असतात आणि पहिल्या जागेतलंच नेटवर्क बाकीच्या डब्यांवर पसरतं. दुसऱ्या-तिसऱ्यातलं मुख्य राउटरपुरतं राहतं. पहिल्या जागेतही 'सर्व डबे' असा पर्याय निवडावा लागतो. ज्यांना वरच्या मजल्यावर गेस्टचं नावच दिसत नाही त्यांनी हे आधी बघा. सुजाताताईंचं दुखणं वेगळं, त्यांना नाव दिसतंय.

बाकी, मंडळाच्या कार्यक्रमांसाठी यजमानांच्या घरी वेगळं तिसरं नाव बनवलं तर? 'मंडळ' म्हणून. दर वेळी तेच नाव आणि तोच पासवर्ड, कोणाच्याही घरी गेलं तरी फोन आपोआप जोडला जाईल.

निखिल (शुक्रवार, दुपारी १२:३५)

अभिजित, नको रे. प्रत्येक नाव प्रत्येक डब्यावरून सेकंदाला सुमारे दहा वेळा स्वतःची घोषणा करतं, तीही सगळ्यात सावकाश वेगाने. तीन डबे, दोन बँड, तीन नावं, वर शेजाऱ्यांची वेगळी. हवा भरून जाते. शिवाय तोच पासवर्ड सगळ्या घरांत म्हणजे एका घरातून बाहेर गेला की सगळीकडून गेला. आहे ते गेस्टच वापरू.

मोहनकाका (शुक्रवार, दुपारी १:५०)

नाव मात्र मराठीत ठेवा. देवनागरीत. सगळीकडे आपलं 'गेस्ट' 'गेस्ट' काय? 'पाहुण्यांसाठी' असं ठेवा, मुलं फोनवर वाचतील तरी.

अभिजित (शुक्रवार, दुपारी २:१५)

काका, कल्पना मला फार आवडली, पण हे नाव बसणार नाही. वायफायच्या नावाला ३२ बाइटची मर्यादा आहे, आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, काना-मात्रा-अनुस्वार धरून, तीन बाइट घेतं. म्हणजे जास्तीत जास्त दहा चिन्हं. 'पाहुण्यांसाठी' ची तेरा होतात, ३९ बाइट. 'पाहुणे' १८ मध्ये बसतं. 'सुस्वागतम्' पाय मोडून ३० होतं, तेही बसतं. पासवर्ड मात्र देवनागरीत ठेवू नका. त्याला ८ ते ६३ रोमन अक्षरं, अंक आणि चिन्हंच चालतात.

विद्याताई (शुक्रवार, दुपारी ४:००)

'पाहुणे' ठेवा. लहान गटाला तो शब्द येतो, मागच्याच महिन्यात घेतला आहे. क्यूआर कोडचा कागद जिन्याजवळ लावा म्हणजे वर्गात कोणी पासवर्ड विचारत फिरणार नाही. वाचन गट मात्र वह्यांवरच.

निखिल (शनिवार, सकाळी ११:४०)

स्विच बदलला. खाली गेस्टला पत्ता मिळतोय, व्हिडिओ नीट चालतोय. काढलेला स्विच कपाटातच ठेवलाय, तो ऑफिसला परत द्यायचा की नाही ते तुम्ही बघा.

गेस्ट चालू झालं म्हणजे वेगळं झालं असं धरू नका, म्हणून आम्ही तपासूनही पाहिलं. माझा फोन खालच्या डब्यावर गेस्टला जोडून ब्राउझरमध्ये फोटोंच्या साठ्याचा पत्ता टाकला, उघडला नाही. प्रिंटरचा टाकला, उघडला नाही. हेच वरच्या डब्यावर परत केलं. प्रत्येक डब्याजवळ उभं राहून करायला हवं, कारण एका डब्यावर पाहुण्याला घरच्या वस्तूंपासून अडवणारा आडोसा आहे म्हणून दुसऱ्यावर असेलच असं नाही. काही संचांत ॲक्सेस पॉइंट मोडमध्ये गेस्टचं नाव राहतं आणि आडोसा गुपचूप जातो.

ज्यांचा मेश राउटर मोडमध्ये आहे आणि पुढे नेट कंपनीचा डबाही राउटरच आहे, त्यांनी आणखी एक बघा. मेश पाहुण्याला मेशमागच्या वस्तूंपासून अडवतो. पण प्रिंटर किंवा डिस्क थेट कंपनीच्या डब्याला जोडलेली असेल तर मेशच्या दृष्टीने ती बाहेरच्या जगात आहे, आणि बाहेरच्या जगात जायला पाहुण्याला मोकळीक असते. अशा घरांत पाहुण्याला सगळं दिसतं आणि यजमानाला वाटतं आपण गेस्ट दिलंय. सगळ्या वस्तू मेशमागे आणा, किंवा कंपनीचा डबा ब्रिज मोडला टाका, म्हणजे तो राउटरचं काम करणार नाही.

सुजाता (शनिवार, दुपारी १:२०)

निखिल, मनापासून आभार. तू गेल्यावर मी आणखी एक करून पाहिलं. गेस्टवरून कंपनीच्या डब्याचं पान, १९२.१६८.१.१, उघडतंय. लॉगिन मागतं. हे ठीक आहे का?

निखिल (शनिवार, दुपारी १:४५)

ताई, बरं झालं पाहिलंत. तुमच्या मांडणीत बाहेरचा रस्ता त्याच डब्यातून आहे, पाहुण्याला तिथपर्यंत पोचावंच लागतं. पण डब्याच्या खालच्या स्टिकरवर छापलेला ॲडमिन पासवर्ड अजून तोच असेल तर आत्ताच बदला. त्या पानावर कोणी शिरलं तर बाकी सगळी मेहनत वाया.

अनघा (शनिवार, दुपारी ३:१०)

आणि प्रोजेक्टरचं काय? आजोबांचा व्हिडिओ पडद्यावर दाखवायचाय. आरतीच्या वेळी कोणाच्याही फोनवरून पडद्यावर शब्द जात नव्हते.

अभिजित (शनिवार, दुपारी ३:२५)

गेस्टवर एका पाहुण्याचं यंत्र दुसऱ्याला दिसत नाही, म्हणून फोनला प्रोजेक्टर सापडत नाही. ती सेटिंग काढता येते, पण उद्या वीस-पंचवीस फोन असणार, काढू नका. लॅपटॉप गेस्टला जोडा आणि लॅपटॉपपासून प्रोजेक्टरपर्यंत एचडीएमआय केबल टाका.

मोहनकाका (शनिवार, दुपारी ४:०५)

माझ्याकडे २५ फुटी केबल आहे. अनघा, यादीत लिही. एक्स्टेंडर आणत नाही मग. सुजाता, गाड्या तुमच्या कल-द-सॅकमध्ये लावायच्या की शाळेच्या पार्किंगमध्ये, ते आज रात्री कळव. मागच्या वेळी शेजाऱ्यांचा ड्राइव्हवे अडला होता.