आर्ट्स घेऊन परदेशी शिकायला गेलात? अनुभव लिहा

रानजाई
काल बहीण-मेव्हणे आले होते. भाची टीवायला आहे, इतिहास. जर्मनीत एमए करायचं म्हणाली तर मेव्हणे म्हणतात, "इतिहास शिकायला जर्मनीला? इथला संपला का?" सगळे हसले, पोरगी सोडून. मी तत्त्वज्ञान घेतलं तेव्हा काका म्हणाले होते, "आता हिला आश्रम काढून द्यावा लागणार." तेच आठवलं.

दिवसा कॉलेज, संध्याकाळी एफसी रोडला रानडेत जर्मन, असं चालायचं माझं. तिकडच्या सरकारी विद्यापीठात फी नाही म्हटल्यावर घरचे उठून बसले, ब्लॉक्ड अकाउंट (व्हिसासाठी वर्षाचा राहण्याचा खर्च आधीच खात्यात भरून ठेवायचा) ऐकून पुन्हा आडवे झाले. (आता ती रक्कम वर्षाला ११,९०४ युरो आहे. पैसे आपलेच, पण महिन्याला ९९२ च सुटतात.) एमएचं शिकवणं जर्मनमधून, त्यामुळे भाषेची सी-वन ही वरची पातळी लागली. पहिल्या सेमिनारला तत्त्वज्ञ कांट कळत होता, शेजारच्या पोराने मारलेला विनोद कळत नव्हता.

तत्त्वज्ञानात नोकरी मिळालीच नाही. विमा कंपनीत करारांची कलमं वाचते. किचकट मजकूर न कंटाळता वाचायची सवय कामी आली, आणि जर्मन. माझं तर मत झालंय की आर्ट्सवाल्याने विद्यापीठ निवडायच्या आधी पोटापाण्याला कोणती भाषा किंवा लिपी हाताशी आहे ते बघावं. पटत नसेल तर भांडा. भाचीला दाखवणार आहे हे सगळं.

चहाबाज
मेव्हण्यांना सांगा, बाबासाहेब १९१३ ला कोलंबियाला गेले, बडोद्याच्या महाराजांच्या महिना साडेअकरा पौंड शिष्यवृत्तीवर. ज्ञानकोशकार केतकर त्याआधीच कॉर्नेलला. दोघांनीही भारतातल्या जातींवर लिहिलं ते अमेरिकेत बसून. इथला विषय संपला होता म्हणून नव्हे 😀

डबा_पार्सल
फी नाही असं सरसकट म्हणू नका हो. बाडेन-व्युर्टेंबर्गमध्ये २०१७ पासून युरोपबाहेरच्यांना सेमिस्टरला १,५०० युरो आहेत. हायडलबर्ग त्यातच येतं. आणि आपल्या इतिहासवाल्यांना नेमकं तेच हवं असतं, साउथ एशिया इन्स्टिट्यूट तिथे ना. खंडोबा आणि धनगरांवर काम करणारे सोन्थायमर तिथलेच.
एपीएस सर्टिफिकेट (आपली कागदपत्रं खरी असल्याचा जर्मन दाखला) पण विसरू नका, नोव्हेंबर २०२२ पासून सक्तीचं आहे. १८,००० रुपये. बाकी रात्री लिहितो, कुकर लावलाय.

लालपरी
लातूर. वडील एसटीत. विषय आंबेडकरी जलसे, म्हणजे गाण्या-नाट्यातून चळवळीचा प्रचार.
केंद्राच्या, मुख्यतः अनुसूचित जातींसाठीच्या नॅशनल ओव्हरसीज शिष्यवृत्तीतून २०२२ ला भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतावरचं सामाजिक संशोधन हे विषयच काढून टाकले. म्हणजे आमच्यातल्या पोराने इंजिनिअरिंगला जावं, स्वतःच्या माणसांवर लिहायला नको. म्हणून राज्याच्या राजर्षी शाहू योजनेत अर्ज केला. जागा ७५, कला शाखेच्या वाट्याला त्यातल्या थोड्याच. फी, विमानाचं तिकीट, राहण्याचा खर्च सगळं त्यात. लंडनला गेलो. ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसचे (भारताचा कारभार बघणारं लंडनमधलं जुनं खातं) कागद मागवले की ट्रॉलीवर आणून देतात, पहिल्या दिवशी मी उभाच राहिलो, सर म्हणायचं का काय कळेना.
आता सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, शिकवतोय. परत येणाऱ्यांनी लक्षात ठेवा: इंग्लंडचं एका वर्षाचं एमए इथे चालतं (२०२२ चा करार आहे), पण सहायक प्राध्यापक व्हायला नेट-सेट सुटत नाही.

रानजाई
लालपरी, जलशांवर लिहिलेलं कुठे वाचायला मिळेल?

लालपरी
मराठीत करतोय ताई. सध्या पेपर तपासणी सुरू आहे, मान वर काढायला वेळ नाही.

कंदी_पेढा
मी नाही गेले. प्रवेश मिळाला होता, आईचं आजारपण निघालं. आता मुलीला शाळेत सोडून आले आणि हे वाचत बसले. एवढंच.

चहाबाज
कंदी_पेढा 🙏 आई बऱ्या आहेत ना आता?

कंदी_पेढा
हो हो, ठणठणीत. माझ्यावरच ओरडत असते.

एन_टू_झालं
रानजाईंशी शंभर टक्के सहमत. मी मराठी बीए. सोबत जपानी, डिसेंबरच्या परीक्षेत एन-टू (वरून दुसरी पातळी). मग जपान सरकारच्या मेक्स्ट शिष्यवृत्तीवर गेले. आता हिंजवडीत, जपानी क्लायंट आणि आमचे इंजिनिअर यांच्या मध्ये बसते. दोघंही "हो" म्हणतात आणि दोघांच्याही मनात "नाही" असतं. ते ओळखायचं, हीच नोकरी. मराठीच्या वर्गात कवितेतलं न बोललेलं शोधायला लावायचे, ते असं वसूल झालं.

वर्गमित्र
मी भांडतो. सगळे भाषा शिकून शेवटी विमा आणि आयटीतच जाणार असतील तर तत्त्वज्ञान कशाला?
मी अमेरिकेत इतिहासात पीएचडी करतोय. तिकडे चांगल्या ठिकाणी पीएचडीला फी माफ आणि वर स्टायपेंड, एमएला मात्र बहुतेकदा खिशातून. खरी अडचण भाषा नाही, रायटिंग सॅम्पल. वीसेक पानांचा स्वतःचा, तळटिपांसकट निबंध मागतात. आपण बीएला "टिपा लिहा, कोणत्याही दोन" करून आलेलो! शिफारसपत्राचं तर विचारूच नका, एक सर म्हणाले तूच लिहून आण, मी सही करतो. भाचीला सांगा, टीवायचा प्रोजेक्ट सबमिशनपुरता करू नकोस, तोच सॅम्पल होईल. आणि नोकरीचं म्हणाल तर प्राध्यापकीच्या जागा तिकडेही आटल्यात, सहा-सात वर्षं घालवून. ते माहीत असूनही करतोय.

रानजाई
वर्गमित्र, विमा कंपनीला नावं ठेवू नका, दर महिन्याला पगार देते 😄 सॅम्पलचं मात्र आजच सांगते तिला.

टेन्शनवाली_आई
विषय थोडा वेगळा आहे, क्षमस्व. एक कन्सल्टंट मुलीला मानसशास्त्रासाठी आयर्लंडच घ्या म्हणून मागे लागलाय, बाकी कुठला देशच दाखवत नाही. असं का?

डबा_पार्सल
ताई, बहुतेकांना विद्यापीठाकडून कमिशन असतं. ज्या विद्यापीठाशी करार, तेच दाखवणार. जर्मनीत बहुतेक ठिकाणी फीच नाही, तर कमिशन कुठून येणार? म्हणून तो देश यादीत नसतो. डीएएडी या जर्मन शैक्षणिक संस्थेच्या साइटवर सगळे कोर्स फुकट शोधता येतात. मानसशास्त्राचं नीट बघा मात्र. परत येऊन क्लिनिकल प्रॅक्टिस करायची तर आरसीआयची (भारतीय पुनर्वास परिषद) मान्यता लागते, बाहेरच्या डिग्रीवर आपोआप मिळत नाही.

मांडवीकाठ
गोव्यातून. आमच्याकडे आजीला पोर्तुगीज यायची, आम्हाला शिव्या तेवढ्या. गोवा विद्यापीठात रीतसर शिकलो, मग लिस्बनला. तिथल्या तोर्रे दो तोंबो अभिलेखागारात सतराव्या शतकातलं हस्ताक्षर वाचायला लागलो आणि डोळे गेले, चष्मा तिथलाच. आता जमिनीच्या जुन्या कागदांची भाषांतरं करतो. वकील रांग लावतात. इतिहास कमी, भावाभावांची भांडणं जास्त.

लालपरी
आमच्याकडे मोडी वाचणाऱ्याचं सेम. तालुक्याला एक माणूस सापडत नाही, सगळे पुण्याचा पत्ता शोधतात.

एन_टू_झालं
मोडी ऑनलाइन कोण शिकवतं? शनिवार-रविवार असेल तर मी तयार.

मांडवीकाठ
मलाही सांगा. आमच्या दप्तरात मोडी कागद पण निघतात, ते आले की मी गप परत देतो.

डबा_पार्सल
कुकर झाला. रानजाई, भाचीची पहिलीपासूनची मार्कशीट सोडा, पण दहावी-बारावी आणि बीएच्या सगळ्या सेमिस्टरच्या आत्ताच एका फाइलीत लावायला सांगा. एपीएसला त्या लागतात आणि नेमकी सेम थ्रीची कुणालाच सापडत नाही.