‘चावडी’वर गप्पा होतात की वसुली?

तिमाहीवाला
आमच्या भागातल्या सात-आठ सोसायट्या मिळून एक चार पानी तिमाही काढतात. शेवटचं पान लोकांच्या मतांचं असतं. पाणी कधी येतं, भटक्या कुत्र्यांना खायला कोणी घालावं, पेपरात आलेल्या उड्डाणपुलाच्या बातमीवर कोणाला काय वाटतं, असं सगळं. आजवर त्या पानाचं नाव ‘रेसिडेंट्स स्पीक’ होतं. या अंकापासून ते मराठीत करायचं ठरलं आणि काम माझ्या गळ्यात पडलं. ‘रहिवासी बोलतात’ असं लिहून बघितलं, तर पोपट बोलतात तसं वाटायला लागलं. मग मी ‘चावडी’ सुचवलं. सगळ्यांना आवडलं, फक्त आमच्या चिटणीस काकांना सोडून. काका महसूल खात्यातून निवृत्त झालेले. म्हणाले, “अरे, चावडीवर माणूस आपणहून जात नाही, बोलावणं आलं की जातो. तिथे मत कोण विचारतंय?” मी लहानपणापासून ‘चावडीवरच्या गप्पा’ ऐकत आलोय. काका चूक की मी?

शुद्धमती
तुम्ही बरोबर. चावडी हा उत्तम शब्द आहे आणि तो जाऊन तिथे इंग्रजी आलं हेच मुळात वाईट. एक मात्र सांगते, ‘रहिवाशी’ लिहू नका. मूळ शब्द ‘रहिवासी’. विभक्ती लागली की ‘स’चा ‘श’ होतो: मासा-माशाला, पैसा-पैशाला, तसं रहिवासी-रहिवाशांना. लोक ‘रहिवाशांना’ ऐकतात आणि उलटं जाऊन ‘रहिवाशी’ करतात. निम्म्या सोसायट्यांच्या पाट्यांवर ‘रहिवाशी संघ’ असतं.

तिमाहीवाला
मी ‘रहिवासी’च लिहिलंय की.

शुद्धमती
तुम्ही लिहिलंय हो, पाट्या रंगवणारे लिहीत नाहीत.

सातबारा
काकांच्या बाजूने बोलतो, कारण माझे वडील तलाठी होते आणि चावडीच्या बाकावर झोपून मी मोठा झालोय. (आता म्हणे त्या पदाला ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं. गावात अजून तलाठीच म्हणतात.) महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मध्ये चावडीची व्याख्याच आहे: गावचा अधिकारी गावचं काम जिथे बसून करतो ती जागा. कलम १५० प्रमाणे फेरफाराची, म्हणजे जमिनीच्या हक्कातल्या बदलाची, नोंद झाली की तिची प्रत चावडीत ठळक जागी लावावी लागते, म्हणजे कोणाची हरकत असेल तर तो पुढे येईल. वडील तो कागद कणकेच्या खळीने डकवायचे. दोन दिवसांत एखादी शेळी येऊन कोपरा खाऊन जायची आणि नेमका त्या कोपऱ्यात गट नंबर असायचा.

आता ती नोटीस संगणकावर दिसते, तिचं सरकारी नावही ‘आपली चावडी’. म्हणजे सरकारने शब्द बरोबर वापरलाय. ती गप्पांची जागा नाहीच.

कोल्हापुरी पायताण
काय लावलंय राव. आमच्यात चावडी-बिवडी काय न्हाई. तिकटी. तीन रस्ते मिळतात तिथं माणसं मिळतात. पापाची तिकटी, मिरजकर तिकटी. सकाळी पेपर तिथंच वाचायचा, एकानं वाचायचा आणि दहा जणांनी ऐकायचा. न्हाईतर तालमीच्या दारात. पानाला नाव द्या ‘तिकटी’.

आडगल्ली
पुण्यात ‘तिकटी’ म्हटलं तर लोक बसचं तिकीट समजतील. ‘कट्टा’ म्हणा आणि मोकळे व्हा. ज्येष्ठ नागरिकांचा कट्टा, कॉलेजचा कट्टा, सगळ्यांना कळतं.

शुद्धमती
कट्टा कानडी आहे. तिकडे ‘कट्टु’ म्हणजे बांधणे, ‘कट्टे’ म्हणजे बांधलेला ओटा. पिंपळाभोवतीचा तो ‘अरळीकट्टे’. आपल्याकडे त्याच वस्तूला ‘पार’ असा शब्द असताना कट्टा कशाला? पुण्यात नागनाथ पार आजही आहे.

आडगल्ली
ताई, कानडी म्हणून कट्टा नको म्हणता, मग ‘अण्णा’, ‘अक्का’ यांनाही घराबाहेर काढायचं का? आणि चावडी तरी कुठली आहे ते एकदा बघा.

वऱ्हाडी ठेचा
कट्टा मंजे आमच्याकडे तांदळाचं पोतं. पंचवीस किलोचा कट्टा. सिमेंटचाही कट्टाच. ‘ज्येष्ठ नागरिक कट्टा’ अशी पाटी पुण्यात पहिल्यांदा वाचली तवा मले वाटलं, राशन वाटून राहिले का काय.

अन् माझ्या शेजारी कानपूरचे एक गृहस्थ राहायला आले. त्यांच्याकडे कट्टा मंजे देशी पिस्तूल. आपल्याही पेपरात ‘गावठी कट्टा जप्त’ येतंच की. त्यांनी पोराच्या कॉलेजचा फलक वाचला, ‘या, आपल्या कट्ट्यावर भेटू’. माणूस दोन दिवस पोराले कॉलेजात पाठवायले तयार नव्हता.

आमचा शब्द पानठेला. ज्याले बातमी पायजे त्यानं पानठेल्यावर जावं.

चेन्नईकर मावशी
तीस वर्षं इथे राहतेय, म्हणून सांगते. तमिळमध्येही ‘चावडी’ आहे, नुसता असला की ‘सावडी’ असा उच्चार. आणि तो शब्द अगदी रोजच्या वापरात आहे. हायवेवरचा टोलनाका म्हणजे ‘सुंगच्चावडी’, मतदान केंद्र म्हणजे ‘वाक्कुच्चावडी’. पहिल्यांदा निवडणुकीच्या दिवशी पाटी वाचायला शिकले तेव्हा हसू आलं. मत द्यायला चावडीवर! इंग्रजांच्या वेळी दक्षिणेत प्रवाशांच्या धर्मशाळेला ‘चोल्ट्री’ म्हणायचे, तोही याच शब्दाचा अवतार. तेव्हा तिमाहीवाले, तुमचे काका आणि तुम्ही दोघंही बरोबर. एकीकडे टोल घेतात, दुसरीकडे मत.

गंमत म्हणजे ‘कचेरी’. आपली कचेरी म्हणजे फायली आणि शिक्के. इथे कचेरी म्हणजे गाण्याची मैफल! डिसेंबरात सगळी चेन्नई कचेऱ्या ऐकत फिरते. तंजावरच्या मराठ्यांच्या दरबारातून अर्थ असा फिरला असावा, असा माझा आपला तर्क. दरबार भरला की कामही व्हायचं आणि गाणंही.

सातबारा
मावशी, हे भारी आहे. पण टोलनाक्याचा मुद्दा माझ्याच बाजूचा झाला. वसुली!

नाक्यावरचा
गिरगावात वाढलेल्या माणसाकडून ऐका. नाका म्हणजे काय? जकात नाका. माल अडवायचा, पैसे घ्यायचे. आता ‘नाक्यावर भेट’ म्हटलं की कोणाच्या डोक्यात जकात येते? चहा येतो. तुमची चावडी तशीच. मला तर वाटतं सरकार जिथे माणसाला ताटकळत ठेवतं तिथे गप्पा जन्माला येतात. तलाठी जेवायला गेलाय, शिपाई म्हणतो बसा. बसलेला माणूस करणार काय? शेजारच्याला विचारणार, “तुमचं काय काम?” झाली सुरू चावडी. रेशनची रांग, बँकेत पासबुक भरायची रांग, सगळीकडे हेच. शब्द वसुलीचा आणि वापर गप्पांचा, यात भांडण काय आहे?

सातबारा
हे मान्य करायला जड जातंय, पण खरं आहे. सातबारा संगणकावर चढवताना ‘चावडी वाचन’ झालं होतं. सगळे उतारे गावासमोर मोठ्याने वाचायचे, चूक असेल तर सांगा. आमच्या मामाच्या गावी मी हजर होतो. वाचणाऱ्याने एका नावापुढचं क्षेत्र वाचलं आणि मागून एक म्हातारी म्हणाली, “एक गुंठा कुठं गेला?” झालं. पुढचा दीड तास तो गुंठा कोणाच्या बांधात गेला, तो बांध कोणाच्या आजाने सरकवला, त्या आजाचं लग्न कसं मोडलं, सगळं निघालं. उतारे वाचायचे राहिले. चहा दोनदा झाला. काकांना हे सांगू नका.

गजालीकार
आमच्या सिंधुदुर्गात चव्हाटो म्हणजे चार वाटा मिळतात ती जागा, आणि ती देवाची जागा. थंय गाऱ्हाणां घालतत. आणि पुण्या-मुंबईची माणसं ‘भानगड चव्हाट्यावर आली’ म्हणतात! देवासमोर आली तर वाईट काय? बाकी गप्पांना आमचा शब्द ‘गजाली’. गजाल खरी असाकच व्हयी असा नाय, रंगाक व्हयी. मतांच्या पानाला याहून चांगलं नाव मिळणार नाही.

खाली गोव्यात जाल तर ‘तिंटो’. गावचा बाजार भरतो ती जागा. मासळी घेता घेता सरकार पाडतात.

शुद्धमती
‘गजाली’ छान आहे, पण कोथरूडच्या माणसाला समजावून सांगावं लागेल. शब्द समजावून सांगावा लागला की तो मथळ्याला चालत नाही.

आडगल्ली
आणि ‘चावडी’ समजावून सांगावा लागला म्हणून तर ही चर्चा सुरू झाली ना?

दिल्ली दूर नाही
दिल्लीतला चावडी बाजारसुद्धा आपल्याच शब्दावरून. मराठे दिल्लीत होते तेव्हा तिथे चावडी भरायची.

सातबारा
असं बरेच जण सांगतात. पुरावा काय? प्रत्येक गावाचं नाव मराठ्यांनी ठेवलं असतं तर लढायला वेळ कधी मिळाला असता?

दिल्ली दूर नाही
मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी शब्दकोश उघडून बघा.

आडगल्ली
मोल्सवर्थची दुसरी आवृत्ती १८५७ची. त्यानंतर आपण बोलायचे थांबलो नाही.

साईभक्त
शिर्डीला चावडी आहे हे कोणी कसं म्हटलं नाही? बाबा एक रात्र द्वारकामाईत आणि एक रात्र चावडीत झोपत. अजून दर गुरुवारी तिथे पालखी जाते. म्हणजे चावडी वसुलीची नाही आणि गप्पांची नाही, विसाव्याची.

वऱ्हाडी ठेचा
तलाठी लोकंही तिथं झोपतच असत म्हना.

सातबारा
झोपायचो मी. वडील नाही.

परकरपोलकं
बराच वेळ वाचतेय. चावडी, पार, कट्टा, तिकटी, तालीम, नाका, पानठेला. यातल्या एका तरी जागी तुमच्या आज्या बसल्या होत्या का? सातबाराच्या गोष्टीतली म्हातारी तेवढी बोलली, आणि बघा, गुंठा तिनेच पकडला.

आमच्या वाड्यात बातमी फुटायची ती नळकोंडाळ्यावर. पहाटे साडेचारला पाणी यायचं, तीन तोट्या, त्यातली एक कायम गळकी. कळशी, बादली, पत्र्याचा डबा अशी भांड्यांची रांग, आणि भांडं म्हणजेच माणूस. बाई घरात चहा टाकायला गेली तरी तिची कळशी तिच्या जागी उभी. आई आमच्या कळशीच्या गळ्याला लाल चिंधी बांधायची, कारण तांब्या-पितळेची सगळ्यांचीच सारखी. नगरपालिकेच्या निवडणुकीत कोण पडणार, कोणाच्या मुलीला बघायला आलेत, साखर किती महागली, हे पुरुषांच्या पेपरच्या तीन तास आधी तिथे ठरलेलं असायचं. भांडणंही व्हायची. एकदा एकीने दुसरीची कळशी रांगेतून मागे सरकवली, त्यावर आठ दिवस अबोला. मग त्या दोघींनीच मिळून पाणीखात्याच्या माणसाला घेरलं.

तिमाहीवाले, तुमच्याकडे पाण्याच्या वेळेवर पत्रं येतात म्हणालात. त्यातली किती बायकांची आहेत?

तिमाहीवाला
आत्ताच मोजली. या अंकाला अकरा पत्रं आहेत, सात बायकांची. कुत्र्यांवरची तिन्ही पत्रं मात्र पुरुषांची.

नाक्यावरचा
‘नळकोंडाळं’ हेच नाव द्या! कोंडाळं करून बसणं म्हणजे गोल करून बसणं. गप्पांनाच चपखल.

शुद्धमती
खरंच सुंदर आहे. संस्कृत ‘कुंडल’शी नातं असणार. गोल, वेढा.

कोल्हापुरी पायताण
थांबा थांबा. आमच्यात कोंडाळा म्हणजे कचऱ्याचा. गल्लीच्या कोपऱ्यावर असतो त्यो कचरा कोंडाळा. लोकांच्या मतांच्या पानावर ‘कोंडाळं’ छापलं आणि अंक कोल्हापूरला पावण्यांकडं गेला, तर काय समजतील?

आडगल्ली
आमच्या सोसायटीतली मतं वाचली तर बरोबरच समजतील.

परकरपोलकं
तो कोंडाळा आणि ते कोंडाळं. लिंग वेगळं, वस्तू वेगळी.

कोल्हापुरी पायताण
बोलताना कोण लिंग बघतंय वैनी. “कोंडाळ्यात टाक” म्हटलं की दोन्ही एकच.

शुद्धमती
हाच तर मुद्दा! सामान्यरूपात दोन्ही ‘कोंडाळ्या-’ होतात. जसं ‘रहिवाशां-’मुळे ‘रहिवाशी’चा घोळ होतो, तसाच हा.

वऱ्हाडी ठेचा
घ्या, पुन्हा पाट्यांवर आल्या.

तिमाहीवाला
मंडळी, पान काल छापायला गेलं. मी काकांना चावडी वाचनाची गोष्ट सांगितली (सातबारा, माफ करा). काका हसले आणि म्हणाले, “तो गुंठा सापडला का?” मग ‘चावडी’ला हो म्हणाले. पण तोवर छापखान्यातल्या मुलाने जागा रिकामी दिसली म्हणून मागच्याच अंकाचं नाव देवनागरीत टाकून दिलं होतं. तेव्हा यावेळी ‘रेसिडेंट्स स्पीक’च. खाली पहिलं पत्र: “पाणी पहाटे साडेपाचऐवजी साडेसहाला सोडावे.”

परकरपोलकं
सही कोणाची आहे?

तिमाहीवाला
बाईंची. बी विंगमधल्या.

सातबारा
गुंठ्याचं विचारलंत म्हणून सांगतो, अजून सापडलेला नाही. हरकत घेतली आहे, नोटीस लागली आहे. मामा म्हणतो, यावेळी शेळी बांधून ठेवलीय.