नाताळचा गोठा उसाच्या फडात मांडायचा की नाही?

कॅम्पातला: यंदा आमच्या चर्चच्या तरुण मंडळाने येशूजन्माच्या देखाव्यात गोठ्याऐवजी ऊसतोड टोळीची कोपी, म्हणजे राहायची झोपडी, उभारायची ठरवलीय. वर पाचट, दारात टायरगाडी, मरियेच्या डोक्याला फडकं, बाळ येशू उसाच्या वाढ्यावर. ज्येष्ठांना हे पसंत नाही. मला मात्र हेच खरं वाटतं. शुभवर्तमानात लूकने गव्हाण तेवढी सांगितली. बैल-गाढव जुन्या करारातल्या यशयाच्या पुस्तकातून आले, आणि १२२३ साली इटलीतल्या ग्रेच्चो गावात संत फ्रान्सिसने तिथलाच चारा, तिथलीच जनावरं आणून देखावा मांडला. आपण का नको?

खानापूरची: दादा, बेथलेहेम, हेरोद, ऑगस्टसची नावनिशी ही नावं शुभवर्तमानात उगीच आलेली नाहीत. देव एका ठरावीक गावात, ठरावीक राजवटीत जन्माला आला ही आपली श्रद्धा. पोरांना आधी बेथलेहेम तर कळू दे. नाहीतर कुठंही, कधीही घडलेली गोष्ट होऊन बसेल.

कॅम्पातला: ताई, थर्माकोलचा बर्फ आणि सूचिपर्णी झाडं इतकी वर्षं चालली, तेव्हा बेथलेहेम कुणाला आठवलं?

निपाणीकर: कोपी राहू दे, मेंढपाळ घ्या की. सुगी झाली की धनगर आपल्याकडं खतासाठी रानात मेंढरं बसवतात. रात्रभर राखण, अंगावर घोंगडं, शेजारी कुत्री. देवदूताची बातमी पहिल्यांदा रात्री कळप राखणाऱ्यांनाच कळली ना? त्यात काही बदलावंच लागत नाही.

खानापूरची: मेंढपाळ चालतील मला. मनापासून.

अथणीकर: मी ख्रिस्ती नाही, आमचा ऊस आहे, म्हणून बोलतो. टोळीतली बाई दिवस भरेपर्यंत मोळ्या उचलते. मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढताना बघितलंय कुणी? काहींचं बाळंतपण कोपीतच होतं. तुम्ही त्याचा देखावा करणार, लोक फोटो काढणार, आणि खरी बाळंतीण फडाच्या कडेला थंडीत. हे मला सोसत नाही. आधी गरम पाणी, घोंगडी आणि दवाखान्यात न्यायला गाडी पोचवा, मग मांडा.

कॅम्पातला: अण्णा, पोचवू. पण न मांडल्यानं त्यांचं काय भलं होणार? आमच्या चर्चला येणारे निम्मे लोक फडाशेजारून रोज जातात आणि बघत नाहीत. देखाव्यासमोर गुडघे टेकतील तेव्हा तरी बघतील. रविवारी टोळी आणणाऱ्या मुकादमाला विचारतो, टोळीची हरकत असेल तर कोपी रद्द.

अथणीकर: मुकादमाला नको. उचल, म्हणजे आगाऊ पैसे, त्याच्या हातून घेतलेली असते, त्याच्यापुढं कोण नाही म्हणणार? तुमच्या मंडळातल्या बायकांना पाठवा आणि बायांनाच विचारा.