माझदा रोटरीमुळे मोठी झाली, की रोटरी असूनही तगली?

तिरपागडा (धागाकर्ता)

हिरोशिमाच्या माझदाचं नाव निघालं की आपल्याकडचे गाडीवेडे लगेच रोटरी इंजिनाची (वर-खाली जाणाऱ्या पिस्टनऐवजी गोल फिरणारा तिकोनी रोटर असलेलं इंजिन) आरती सुरू करतात. या कंपनीच्या मोटारी भारतात कधी रीतसर विकल्या गेल्या नाहीत. आपल्या रस्त्यांना ठाऊक असलेली माझदा म्हणजे 'स्वराज माझदा'चे टेम्पो आणि शाळेच्या बसगाड्या, तेही साध्या डिझेलवर. म्हणजे हे प्रेम मुख्यतः व्हिडिओंवर पोसलेलं. असू दे. पण एकदा हिशेब मांडू.

१९२० साली बुचं बनवणारा कारखाना, १९३१ पासून 'माझदा-गो' ही तीनचाकी मालगाडी. १९४५ च्या अणुबॉम्बमधून कारखाना बऱ्यापैकी वाचला, कारण मध्ये हिजियामा टेकडी होती, आणि त्याच डिसेंबरात तीनचाकी पुन्हा बनू लागली. १९६० मध्ये आर३६० ही चिमुकली कूपे. इथवर सगळं पिस्टनवर.

१९६७ ला रोटरीवाली कॉस्मो स्पोर्ट आली आणि पुढच्या काही वर्षांत कंपनीने रोटरी जवळजवळ सगळ्या गाड्यांत घातली. १९७३ ला तेल महागलं. अमेरिकेच्या सरकारी चाचणीत या गाड्या शहरात गॅलनला जेमतेम ११ मैल जात होत्या, म्हणजे लिटरला पाच किलोमीटरही नाही. गाड्या गोदामात पडून राहिल्या, सुमितोमो बँकेला कारभारात हात घालावा लागला, कारखान्यातली माणसं शोरूमवर गाड्या विकायला पाठवली गेली आणि १९७९ ला फोर्डने सुमारे २५ टक्के हिस्सा घेतला.

सावरलं कोणी? १९८० साली आलेल्या, पुढच्या चाकांवर चालणाऱ्या फॅमिलियाने, जपानच्या पहिल्या 'कार ऑफ द इयर'ने. मग १९८९ ची एमएक्स-५ रोडस्टर, जी २०१६ पर्यंत दहा लाखांच्या वर बनली. दोन्ही पिस्टनवाल्या. माझं म्हणणं एवढंच, की रोटरी हा अंगावर मिरवायचा दागिना होता. चूल पेटली ती पिस्टनवर.

घाटरस्ता

हिशेब १९६७ पासून धरलात, म्हणून तो असा येतो. तो १९६० पासून धरा. जपानचं उद्योग खातं तेव्हा मोटार कंपन्यांची संख्या कमी करून दोन-तीन गट करायच्या विचारात होतं. हिरोशिमातली तीनचाकीवाली कंपनी कोणाच्या तरी पोटात जाणार हे उघड होतं. अध्यक्ष त्सुनेजी मात्सुदांनी जर्मनीच्या एनएसयू कंपनीशी वांकेल (म्हणजेच रोटरी) इंजिनाचा करार केला तो याच भीतीपोटी. आपल्यापाशी दुसऱ्या कोणाकडे नसलेलं काहीतरी हवं होतं. तुमची फॅमिलिया निघायला १९८० साली कंपनी स्वतंत्र उरली, यात त्या कराराचा वाटा मोठा आहे.

आणि तो करार म्हणजे तयार इंजिन नव्हे. आलेल्या नमुन्यात हाउसिंगच्या (रोटर ज्यात फिरतो त्या कवचाच्या) आतल्या क्रोमवर काही तासांत लाटांसारखे ओरखडे पडत. कामगार त्यांना 'सैतानाची नखं' म्हणत. केनिची यामामोतो आणि त्यांच्या हाताखालचे इंजिनियर (मिळून ४७ जण) यावर बसले. निष्कर्ष असा, की रोटरच्या टोकावरचं एपेक्स सील (कक्ष हवाबंद ठेवणारी पट्टी) स्वतःच्या नैसर्गिक कंपनसंख्येला थरथरतं आणि भिंतीवर उड्या मारत जातं. सीलला टोकाजवळ आडवी-उभी भोकं पाडून ती कंपनसंख्या बदलली, तेव्हा ओरखडे थांबले. उत्पादनात मात्र ॲल्युमिनियम मुरवलेल्या कार्बनचं सील गेलं. मूळ मालक एनएसयूची आरओ-८० सुद्धा १९६७ चीच. तिची इंजिनं वॉरंटीत इतकी परत आली की १९६९ ला कंपनी फोक्सवॅगनच्या छत्राखाली गेली. सिट्रोएनने तर विकलेल्या रोटरी गाड्या परत विकत घेऊन भंगारात काढल्या. जनरल मोटर्सने लायसन घेऊन प्रकल्पच गुंडाळला. टिकली ती एकटी माझदा.

तिरपागडा

टिकली हे मान्य. पण बाकी सगळ्यांनी सोडलं त्याअर्थी काही कारण असेल ना?

रोटरीचं ज्वलनकक्ष लांबट, चपटं आणि सरकतं असतं. आकारमानाच्या मानाने भिंतीचं क्षेत्रफळ जास्त, त्यामुळे उष्णता भिंतीत जाते आणि मागच्या कोपऱ्यात ज्योत पोचायच्या आत विझते. न जळलेलं पेट्रोल सरळ एक्झॉस्टला. माझदाने त्यावर थर्मल रिॲक्टर बसवला, म्हणजे एक्झॉस्टच्या तोंडाशी हे उरलेलं पेट्रोल जाळायचं. ते पेटतं राहावं म्हणून मिश्रणच मुद्दाम श्रीमंत, म्हणजे जास्त पेट्रोलचं, ठेवायचं. धुराचे नियम पाळण्यासाठी पेट्रोल ओतणारी गाडी! तेलसंकटात तिचं काय होणार होतं?

घाटरस्ता

त्याच रिॲक्टरमुळे होंडाच्या सीव्हीसीसी या कमी धुराच्या इंजिनापाठोपाठ माझदाची रोटरी अमेरिकेच्या कडक धूरनियमांत बसली, तेही ज्या दिवसांत अमेरिकन कंपन्या मुदतवाढ मागत होत्या. नायट्रोजन ऑक्साइड रोटरीत मुळातच कमी. आणि पेट्रोलचं म्हणाल तर १९७४ नंतर 'फिनिक्स' नावाने मोहीम काढून खप ४० टक्क्यांनी सुधारण्याचं लक्ष्य ठेवलं गेलं. १९७८ ची आरएक्स-७ ही रोटरी स्पोर्ट्स कार त्यातूनच आली. २००२ पर्यंत तीन पिढ्या मिळून आठ लाखांवर आरएक्स-७ बनल्या. दागिना म्हणून आठ लाख कोणी विकत नाही.

अर्धी_चावी

ल मान्सची चोवीस तासांची शर्यत विसरलात काय? १९९१ ला माझदाची रोटरीवाली ७८७बी जिंकली आणि दुसऱ्याच वर्षी घाबरून रोटरीवर बंदी! यापेक्षा मोठं प्रशस्तिपत्र कोणतं?

पिटलेन

बंदीची ही गोष्ट दर धाग्यात येते आणि दर धाग्यात खोडावी लागते. ३.५ लिटरच्या, टर्बो नसलेल्या पिस्टन इंजिनांचा नियम माझदा जिंकण्याच्या आधीच ठरलेला होता. १९९१ हे जुन्या गट-सी या शर्यतवर्गातल्या गाड्यांचं निरोपाचंच वर्ष होतं, आणि त्या जड व्हाव्यात म्हणून मर्सिडीज-जग्वारला १,००० किलोची अट घातली होती. माझदाचे संघप्रमुख ताकायोशी ओहाशी यांनी आयोजकांशी बोलून स्वतःसाठी ८३० किलो मंजूर करून घेतले. कमी वजन म्हणजे कमी पेट्रोल, टायर आणि ब्रेकची कमी झीज. तिचं चार रोटरचं आर२६बी इंजिन ९,००० आरपीएमला सुमारे ७०० अश्वशक्ती देत होतं हे खरं, पण आघाडीवरची मर्सिडीज पाणी तापून बाद झाली नसती तर निकाल वेगळा असता. ५५ नंबरची गाडी ३६२ फेऱ्या करून जग्वारच्या दोन फेऱ्या पुढे राहिली. हर्बर्ट, वाइडलर, गाशो तिघांनी गाडी चोवीस तास जपून, ठरलेल्या पेट्रोलात चालवली. विजय शंभर टक्के कमावलेला आहे, त्याला बंदीच्या दंतकथेची गरज नाही. १९९२ ला माझदा 'जड' (Judd) या कंपनीचं व्ही-१० पिस्टन इंजिन घेऊन धावली आणि चौथी आली.

दहाचा_पाना

इतिहास झाला. आता आखात, न्यूझीलंड, ऑस्ट्रेलियातली आपली मंडळी आरएक्स-८ (आरएक्स-७ नंतरची रोटरी गाडी) स्वस्तात दिसते म्हणून घ्यायला निघतात, त्यांच्यासाठी. ती स्वस्त का दिसते हे समजून घ्या.

पिस्टनच्या रिंगला खालून क्रँकचं तेल मिळतं. एपेक्स सीलला ते मिळत नाही. म्हणून मीटरिंग पंप सम्पमधलं (इंजिनाखालच्या तेलाच्या टाकीतलं) तेल थेंबाथेंबाने हाउसिंगमध्ये टाकतो आणि ते पेट्रोलबरोबर जळतं. म्हणजे रोटरी तेल 'खाते' ती बिघाडामुळे नाही, तिची रचनाच तशी आहे. दर दुसऱ्या टाकीला डिपस्टिक बघायची. हे ज्याला कोणी सांगितलं नाही, त्याचं इंजिन कमी तेलावर चालून गेलेलं असतं.

दुसरी साखळी इग्निशन कॉइलपासून (प्लगला ठिणगीसाठी वीज देणारा भाग) सुरू होते. या गाडीत चार कॉइल आहेत, प्रत्येक रोटरला लीडिंग आणि ट्रेलिंग असे दोन प्लग. कॉइल साधारण ५०,००० किलोमीटरला थकतात. ठिणगी मंद झाली की न जळलेलं पेट्रोल धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं, आतली जाळी वितळते, वाट तुंबते. आरएक्स-८ च्या, २००३ पासूनच्या रेनेसिस इंजिनात एक्झॉस्टची भोकं बाजूच्या भिंतीत आहेत. तुंबलेली उष्णता तिथेच परत येते, कार्बन साचतो, साइड सील आपल्या खाचेत अडकतात आणि कॉम्प्रेशन जातं. लोक शिव्या एपेक्स सीलला घालतात. मुळात दोष वेळेवर न बदललेल्या कॉइलचा असतो. अमेरिकेत कंपनीला सुरुवातीच्या गाड्यांच्या इंजिनाची वॉरंटी ८ वर्षं किंवा एक लाख मैलांपर्यंत वाढवावी लागली, ती उगाच नाही. २००९ च्या सुधारित मॉडेलात तेलाची नोझल रोटरमागे दोनची तीन झाली आणि पंप विजेवर गेले. पैसे थोडे जास्त पडले तरी तीच बघा.

घेण्याआधी कॉम्प्रेशन, म्हणजे कक्षात दाब किती धरला जातो, ते तपासा. नेहमीचा पिस्टनचा गेज चालत नाही, कारण तो तीन चेंबरपैकी सर्वांत चांगल्याचाच आकडा धरून बसतो. रोटरीचा खास टेस्टर प्रत्येक चेंबरचा आकडा वेगळा देतो, दोन रोटरचे मिळून सहा. इंजिन पूर्ण गरम, बॅटरी भरलेली, पेट्रोल आणि ठिणगी बंद, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, मग पाच ते दहा सेकंद स्टार्टर. आकडे २५० आरपीएमला आणून वाचायचे, नाहीतर स्टार्टर हळू फिरला म्हणून चांगलं इंजिनही नापास होतं. आरएक्स-८ ला नवं असताना ८.५ किलो प्रति चौ. सेंमी, किमान ६.९. एकाच रोटरच्या चेंबरांत फरक १.५ च्या आत, दोन रोटरांत १ च्या आत. सहाही आकडे ७ च्या आसपास असतील तर गाडी चालते आहे, पण इंजिन खोलायचे पैसे किमतीतून वजा करूनच बोला. विकणारा थंड इंजिनावर टेस्ट करू म्हणाला किंवा गाडी आधीच गरम करून ठेवून बोलावलं, तर दोन्ही वेळा संशय घ्या. थकलेली रोटरी गरम झाल्यावर बंद केली की पुन्हा सुरू व्हायला कुरकुरते, ती वेळ मुद्दाम साधून किल्ली फिरवून बघा.

तिरपागडा

दहाचा पाना यांनी माझीच बाजू मांडली की राव! सेकंडहँड गाडी घ्यायला सहा आकडे आणि खास यंत्र लागतं. रोडस्टर घेताना पत्रा गंजलाय का ते बघायचं आणि निघायचं.

दहाचा_पाना

बाजू कोणाचीच मांडलेली नाही. पहिल्या पिढीच्या रोडस्टरचा मागच्या बाजूचा सिल (दाराखालचा पत्रा) बाहेरून ठीक दिसून आतून सडलेला असतो, कारण छताच्या कडेची पाण्याची निचरा-नळी तुंबते. ते बघायलाही गाडी वरच घ्यावी लागते. यंत्र कुठलंही असो, काय बघायचं ते माहीत हवं.

मिश्रण१_२००

एक भर. पंपावर विसंबू नका, टाकीतच लिटरमागे ४-५ मिली टू-स्ट्रोक तेल घाला. सम्पमधलं तेल जळायला बनवलेलं नसतं, राख सोडतं. टू-स्ट्रोकचं तेल स्वच्छ जळण्यासाठीच असतं.

दहाचा_पाना

घाला, पण पंप बंद करून नव्हे. कंपनीने टाकीत तेल घालायला सांगितलेलं नाही, आणि मोजमाप चुकून जास्त पडलं तर प्लग काळे होतात. जेएएसओ एफडी (टू-स्ट्रोक तेलाचा जपानी दर्जा) असलेलंच घ्या, मोपेडचं स्वस्त तेल नको.

नवखा_चालक

गाडी गेटमधून काढून दोन मिनिटांत बंद केली आणि नंतर सुरूच होत नाही, असं रोटरीबद्दल ऐकलंय. खरंच होतं का?

दहाचा_पाना

होतं. थंड इंजिनाला मिश्रण श्रीमंत जातं. ते जळायच्या आत बंद केलं तर पेट्रोल भिंतीवरचं तेल धुऊन टाकतं, सील कोरडे पडतात, कॉम्प्रेशन जातं. उपाय: ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरायचा, त्याने इंजेक्टर बंद राहतात, आणि दहा सेकंदांपेक्षा जास्त नाही असा स्टार्टर मारायचा. मध्ये स्टार्टर थंड होऊ द्यायचा. दोन-तीनदा जमलं नाही तर प्लग काढून पेट्रोल बाहेर उडवायचं, प्रत्येक रोटरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल सोडायचं आणि कोरडे प्लग लावून पुन्हा प्रयत्न. प्लग लावताना लीडिंग-ट्रेलिंगची अदलाबदल करू नका, दोन्ही वेगळे आहेत. सुरू झाली की पांढरा धूर भरपूर येईल, घाबरायचं नाही. मुळात टाळायचं असेल तर गाडी सुरू केली की तापमानाचा काटा हलेपर्यंत बंद करायची नाही, पार्किंगमधून नुसती पुढे-मागे करायची असेल तरी.

पिटलेन

आणि २०२३ च्या, विजेच्या मोटरवर चालणाऱ्या एमएक्स-३० आर-ईव्हीचं काय? रोटरी परत आली ना?

तिरपागडा

आली, पण चाकांपासून तोडून. ८३० सीसीचा एक रोटर, ७५ अश्वशक्ती, काम फक्त जनरेटर फिरवणं. बॅटरी १७.८ किलोवॅट-तास, ती संपली की पेट्रोल.

घाटरस्ता

तिथेच तर शहाणपणा आहे. रोटरीचा खरा शत्रू म्हणजे सिग्नलवरची थांब-चाल आणि सतत बदलता वेग. जनरेटरला तो त्रास बराच कमी. शिवाय आकार लहान, कंपन कमी, मोटरच्या शेजारी एकाच शाफ्टवर बसतं. आणि जुन्या दुखण्यांवर हात फिरवलाय: एपेक्स सील २ मिमीचं २.५ मिमी केलं, बाजूच्या भिंती ॲल्युमिनियमच्या करून सुमारे १५ किलो वाचवले, पेट्रोल थेट चेंबरमध्ये इंजेक्ट केलं, कॉम्प्रेशन रेशो ११.९ वर नेला.

तिरपागडा

एवढं सगळं करूनही त्या जागी तीन सिलिंडरचं छोटं पिस्टन इंजिन बसवलं असतं तर ॲव्हरेज बरं मिळालं असतं, हे तुम्ही नाकारणार आहात का?

घाटरस्ता

नाही नाकारत. पण ते त्या बॉनेटखाली मावलं नसतं. १०० वर्षांच्या कंपनीत माप काढून बघणारी माणसं असतात.