मदत हवी आहे: इंजिन बंद ठेवून केबिनमध्ये पंखा-मोबाईल कसा चालवायचा? बॅटरी उतरते

केळीचं_पान:
राम राम मंडळी. बाबांची गाडी आहे, सावद्याहून केळी भरून दिल्लीला जाते. गाडी नंबरला (माल भरायच्या रांगेत) उभी असली की पंखा, मोबाईल वगैरे चालवायचं असतं. बाजारातून ३०० वॉटचा इन्व्हर्टर आणून लावला, तर सकाळी सेल्फ (स्टार्टर) उचलत नाही. महिन्यापूर्वी एक बॅटरी नवी टाकली, तरी तेच. मोठा इन्व्हर्टर घेऊ की मोठी बॅटरी? परवा लोडिंग आहे, आजच सांगा. 'बॅटरीत पाणी बघा' असलं काही सांगू नका, ते बघून झालंय.

जुना_रूटवाला:
इन्व्हर्टर काढून फेक. आम्ही रात्रभर इंजिन चालू ठेवून झोपायचो, कधी काही झालं नाही.

हिशेबी_भुसावळ:
काही झालं नाही कारण डिझेल शेठचं होतं. उभ्या गाडीचं इंजिन तासाला दीड-दोन लिटर सहज पितं. आठ तास धरा आणि भाड्यातून वजा करा. एका १५ वॉटच्या पंख्यासाठी?

जुना_रूटवाला:
झोप नको का ड्रायव्हरला? घरी कूलरसमोर बसून लिहिणं सोपं असतं भो. मे महिन्यात आमच्या जळगावात पारा ४५ ला टेकतो, तेव्हा केबिनमध्ये बसून दाखव.

वायरमन_पारोळा:
भांडा नंतर. धागा काढणाऱ्या भावा, गाडी कोणत्या सालची? बॅटऱ्या किती? इन्व्हर्टर १२ व्होल्टचा की २४ चा? आणि मुख्य म्हणजे तारा नेमक्या कुठून घेतल्या?

केळीचं_पान:
दहा टायर, २०२१. बॅटऱ्या दोन, सगळ्या ट्रकला असतात तशाच. इन्व्हर्टर साधा, गाडीत लावतात तो. यात विचारण्यासारखं काय आहे?

वायरमन_पारोळा:
'साधा' म्हणजे १२ चा, असं धरतो. तारा कुठून, ते अजून सांगितलं नाही.

सोलार_नाना:
केबिनच्या टपावर १०० वॉटचं पॅनेल टाका, विषय संपला. माझ्या मळ्यात तीन वर्षं चाललंय, एक रुपया खर्च नाही.

हिशेबी_भुसावळ:
नाना, मळा आणि टप यात फरक आहे. पॅनेल सपाट पडतं, धूळ बसते आणि मेच्या उन्हात तापून ६५-७० अंशांवर गेलं की वीज कमी देतं. त्यातून दिवसाला ४०० वॉट-तास मिळाले तरी चांगलं म्हणायचं. आणि बाबांना पंखा लागतो रात्री.

सोलार_नाना:
रात्रीसाठी वेगळी लिथियम बॅटरी ठेवायची. सांगितलं असतं पुढे, मध्येच तोडलं.

तापीकाठ:
सावद्याचे आहात तर आज केळीचा बोर्डाचा (बाजारात जाहीर होणारा) भाव काय निघाला? आमच्याकडे व्यापारी भलतंच सांगतोय.

जुना_रूटवाला:
आता तर नव्या ट्रकला एसी केबिन सक्तीची झाली ना? सरकारलाच विचारा पंख्याचं.

हिशेबी_भुसावळ:
ती १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार झालेल्या मध्यम-अवजड गाड्यांना. ही २०२१ ची आहे. आणि तो एसीसुद्धा इंजिनावर चालतो, म्हणजे फिरून आपण तिथेच. शिवाय बीएस-सहा इंजिन तासन्‌तास नुसतं रिकामं फिरवलं की सायलेन्सरच्या फिल्टरमध्ये काजळी साचते.

केळीचं_पान:
अरे मुद्द्यावर या. तारा आमच्या मेकॅनिकने एका बॅटरीवरूनच घेतल्या. म्हणाला, १२ चा इन्व्हर्टर आहे, एका बॅटरीवर बरोबर बसतो. आणि हो, इन्व्हर्टरवर छोटा डबा-फ्रिजपण आहे, ४८ वॉटचा. तो सारखा चालू असतो.

वायरमन_पारोळा:
हेच पहिल्या ओळीत लिहायचं होतं रे बाबा. चुकलंय ते इथेच.

ट्रक २४ व्होल्टचा, म्हणजे १२-१२ च्या दोन बॅटऱ्या एकीपुढे एक (सिरीजमध्ये) जोडलेल्या. तुम्ही रिकामी करता खालची, चेसिसकडची. पण अल्टरनेटर भरताना दोन्हींमधून सारखाच करंट पाठवतो, त्याला काय कळतं कोण उपाशी आहे! खालची कधी पोटभर भरत नाही आणि वरची भरलेली असूनही ओव्हरचार्ज होते, तापते, पाणी उडवते. आता सांगा, महिन्यापूर्वी बदलली ती कोणती?

केळीचं_पान:
जिच्यातलं पाणी आटून प्लेटा दिसत होत्या ती. दुसरीत पाणी बरोबर होतं म्हणून ती ठेवली.

वायरमन_पारोळा:
म्हणजे धडधाकट होती तिचा बळी दिला आणि आजारी घरात ठेवली. दोन्हींची झाकणं उघडून आणि मीटर लावून सांगा. गाडी तीन-चार तास उभी राहू द्या, मग मोजा.

अहिराणी_भो:
मेकॅनिकले काय बोलतस, भो. आम्हनाबी असंच करतस सगळा.

हिशेबी_भुसावळ:
फ्रिज कशाला? ४८ वॉट १६ तास म्हणजे ७६८ वॉट-तास. १२ व्होल्टवर तेच ६४ अँपिअर-तास, एकाच बॅटरीतून. इन्व्हर्टर मधे खातो ते वेगळं. पंखा आणि दोन मोबाईल मिळून १५० वॉट-तासही होत नाहीत. कोल्ड्रिंकसाठी एवढा घोळ?

केळीचं_पान:
कोल्ड्रिंक नाही. बाबांना शुगर आहे, त्यात इन्सुलिनचं पेन असतं.

फार्मसी_चोपडा:
मग हा डबा-फ्रिज कामाचा नाही. असे बिन-कॉम्प्रेसरचे डबे बाहेरच्यापेक्षा साधारण १५ ते २० अंशच खाली नेतात. बंद केबिन ५० ला असेल तर आत ३० च्या वरच. चालू पेनला थेट फ्रिज लागत नाही, बऱ्याच पेनांना ३० अंशांखाली सुमारे २८ दिवस चालतं. तुमच्या पेनच्या कागदावर नेमकं वाचून घ्या. पाण्यात भिजवून वापरायच्या गारव्याच्या पिशव्या मिळतात. आपल्या कोरड्या उन्हात त्या छान काम करतात, पावसाळ्यात तितक्या नाही. बर्फाला पेन चिकटू देऊ नका, गोठलं की गेलं. न उघडलेली पेनं मात्र घरच्या फ्रिजमध्येच राहू द्या.

जुना_रूटवाला:
आमच्या वेळी ओलं फडकं गुंडाळलेलं मडकं असायचं केबिनमध्ये. तेच सांगतोय मी.

हिशेबी_भुसावळ:
तुम्ही इंजिन चालू ठेवायला सांगत होता.

केळीचं_पान:
मोजलं. वरची नवी १२.७, खालची जुनी ११.८. नव्या बॅटरीचं झाकण काढलं तर महिन्यातच दोन खान्यांत पाणी खाली गेलंय. आता काय करायचं ते फक्त सांगा, इतिहास नको.

वायरमन_पारोळा:
उद्या हे करा. एका बॅटरीवरून घेतलेली इन्व्हर्टरची तार काढा. खालची १२ च्या चार्जरवर वेगळी चार्ज करा आणि लोड टेस्ट करून घ्या. धरली नाही तर जोडी बदला, एक नवी एक जुनी पुन्हा नको. नव्या बॅटरीत डिस्टिल वॉटर टाका, नळाचं नाही. मोबाईलला १२ ते २४ व्होल्टवर चालणारा चार्जर मिळतो, इन्व्हर्टर लागतच नाही. पंखा २४ चाच घ्या. जे १२ वरच चालतं त्याला २४ वरून १२ करणारा कन्व्हर्टर, दोन्ही बॅटऱ्यांवर. बॅटरीजवळ फ्यूज हवाच, आणि व्होल्टेज उतरलं की लोड तोडणारा कट-ऑफ. तो २४ च्या आसपास लावा, म्हणजे सेल्फपुरतं उरतं.

सोलार_नाना:
आणि पॅनेल?

केळीचं_पान:
नाना, पॅनेल दिवाळीनंतर बघू. सकाळी तार काढून घेतो. मेकॅनिक म्हणतोय मी त्याच्यावर ढकलतोय, त्याला हा धागाच दाखवला. फ्रिज काढला तर बाबा रागावले, म्हणे आत ताकाची बाटली असते.

तापीकाठ:
भाव राहिलाच ना भो.