एक्स-रेत काहीच नाही, आणि आतड्यात मणी

चिमणीची आई: ऑपरेशनला नऊ दिवस झाले, लेक आता मऊ भात खातेय. पण एक गोष्ट डोक्यातून जात नाही. चौदा महिन्यांची आहे. पहिल्या दिवशी नुसत्या उलट्या. सासूबाईंनी बेंबीला हिंग लावला, दात येत असतील म्हणाल्या. मलाही तेच वाटलं. दुसऱ्या दिवशी उलटी हिरवी, पोट टम्म. एक्स-रेत फुगलेली आतडी, बाकी काही नाही. आतड्यात आतडं शिरलंय का तेही पाहिलं, नव्हतं. शेवटी पोट उघडलं तेव्हा लहान आतड्याच्या टोकाशी निळा, पारदर्शक गोळा निघाला. फुलदाणीत घालतात ते पाण्यात फुगणारे जेलीचे मणी! दादाच्या वाढदिवसाला आणलेले. एवढा गोळा एक्स-रेत दिसला कसा नाही?

सोनोग्राफीवाला: ताई, फुगलेला मणी म्हणजे जवळजवळ सगळं पाणीच. नाणं, बटन सेल, लोहचुंबक एक्स-रेत पांढरं उठून दिसतं; हा आतड्याच्याच राखाडी रंगात मिसळून जातो. सोनोग्राफीत दिसतो, काळा गोल, पातळ कडेचा. पण पाण्याने भरलेल्या आतड्याच्या वेटोळ्यांत हरवतो, नाहीतर जन्मजात गाठीसारखा वाटतो. मी एकदा रिपोर्टात ‘गाठ’ लिहायलाच बसलो होतो. बाळाची मावशी घरातला भिजलेला मणी डबीत घालून घेऊन आली. पाण्याच्या वाटीत टाकून त्यावर प्रोब, म्हणजे पोटावर फिरवतो तो दांडा, धरला, हुबेहूब तेच चित्र. बरं, अमेरिकेत अ‍ॅमेझॉन, वॉलमार्ट आणि टार्गेट मुलांसाठीचे हे मणी विकणं बंद करणार, असं डिसेंबर 2023 मध्ये जाहीर झालं. आपल्याकडे जत्रेत सुटे मिळतात.

वॉर्डातली सिस्टर: माझ्या पुतण्याच्या पोटात जंतांचा गुंता निघाला होता. सोनोग्राफीत शेवयांसारख्या समांतर रेघा. पोट फुगून उलट्या चालू असताना घरच्या घरी जंताचं औषध पाजू नका, एवढं सांगते.

चिमणीची आई: दादा साडेतीन वर्षांचा आहे, त्यानेही गिळला असेल तर? खातोय, शी होतेय.

सोनोग्राफीवाला: तरी उद्या बालरोगतज्ज्ञांना दाखवाच, आणि जाताना एक मणी सोबत न्या. उलटी हिरवी झाली, तर मात्र उद्याची वाट बघू नका, मध्यरात्र असली तरी निघा.

चिमणीची आई: दाखवून आणलं, तो ठीक आहे. काल ज्वारीच्या दाण्याएवढा एक मणी वाटीत भिजत टाकला होता, सकाळी आवळ्याएवढा. मग दिवाण सरकवला. भिंतीला लागून अजून तीन, वाळून खडीसाखरेसारखे.