मदत हवी आहे: क्लोरेला शेवाळाचा ओडी चढतोय, क्लोरोफिल उतरतंय!

खाडीकाठची: परवा गाइडना आकडे दाखवायचेत. 680 नॅनोमीटरला ओडी, म्हणजे कल्चर किती प्रकाश अडवतं तो आकडा, रोज वाढतोय, पण क्लोरोफिलचा अर्क काढला की 663चं रीडिंग दहाव्या दिवसापासून घसरतंय. हिरवंगार कल्चर आता पिकायला आलेल्या लिंबासारखं दिसतंय. एकाच फ्लास्कची दोन उलट उत्तरं कशी? लवकर सांगा प्लीज.

जुना_लॅबवाला: कल्चर वाढवायचं माध्यम कुठलं? अर्क काढायचा द्रावक कुठला? 750ला रीडिंग घेतलंय का? आम्ही काय कुडमुडे जोशी आहोत का!

घोडबंदरकर: लाल-निळे एलईडी लावा. माझ्या फिश टँकमधलं झाड आठवड्यात तरारलं.

खाडीकाठची: लाइट पहिल्या दिवसापासून तोच आहे. 80 टक्के ॲसिटोन. माध्यम सीनियरने करून ठेवलेलं, बाटलीवर बीबीएम (बोल्ड्स बेसल मीडियम) लिहिलंय. पण 750ला क्लोरोफिल शोषतच नाही ना?

जुना_लॅबवाला: म्हणून तर तिथे घ्यायचं! 750ला दिसतो तो पेशींनी विखुरलेला प्रकाश. पेशी वाढल्या की 680चा आकडाही त्यासोबत फुगतो. आणि बीबीएममध्ये सोडियम नायट्रेट लिटरला 0.25 ग्रॅम, बीजी-11 या दुसऱ्या माध्यमात 1.5. तुमचा नायट्रोजन संपला असणार. मग क्लोरोफिल घटतं, पिवळी-नारिंगी कॅरोटिनॉइडं त्या मानाने टिकतात. अर्काचं 430चं रीडिंग 665च्या रीडिंगने भागून बघा, जुन्या कल्चरमध्ये चढत जाईल.

मेथनॉलप्रेमी: आधी मेथनॉल घ्या. क्लोरेलाच्या पेशीची भिंत ॲसिटोनला दाद देत नाही.

जुना_लॅबवाला: घ्या, पण मग आर्नॉनची 1949ची क्लोरोफिल मोजायची सूत्रं लावू नका, ती 80 टक्के ॲसिटोनची आहेत. अर्धे प्रबंध इथेच गंडतात.

मेथनॉलप्रेमी: मेथनॉलची सूत्रंही आहेत की! वाचायचा कंटाळा आपला.

तलावपाळी_फेरफटका: उन्हाळ्यात तळ्याचं पाणी हिरवं होतं ते हेच का?

मेथनॉलप्रेमी: सायनोबॅक्टेरियाही (नीलहरित जिवाणू) असू शकतात. त्यांच्या फायकोसायनिन या निळ्या रंगद्रव्याचं शिखर 620च्या आसपास येतं. वेगळा धागा काढा.

घोडबंदरकर: एलईडीचं कुणीच मनावर घेत नाही.

खाडीकाठची: मशीनमध्ये पाचव्या दिवसाची पूर्ण स्कॅन सापडली. 680ला 0.61, 750ला 0.39. आज 1.42 आणि 1.28. वजा केलं तर 0.22 वरून 0.14! आणि हो, ॲसिटोननंतर तळाला उरलेला पेशींचा गोळा अजून हिरवट आहे, मी तसाच फेकत होते.

मेथनॉलप्रेमी: बघा!! गोळा पांढरा होईपर्यंत काढायचा असतो.

जुना_लॅबवाला: हे मात्र खरं. आजचा नमुना चौपट पातळ करून पुन्हा मोजा, 1च्या वरच्या आकड्यावर भिस्त नको. पेशीही मोजा, नाहीतर दर पेशीमागे क्लोरोफिल किती ते कळणार नाही. अर्क अंधारात ठेवला होता ना?

खाडीकाठची: ...खिडकीत.